थंडीत वाटीभर गरम: हुलग्याच्या सारापासून अळणीपर्यंत, घरी कसं करायचं ते सगळं

सूप म्हटलं की पुष्कळ जण अजून दुकानातलं पाकीटच आणतात, गरम पाण्यात ढवळायचं आणि प्यायचं. घाईला ठीक आहे, पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात ज्याला सूप म्हणता येईल असं घरात आधीपासूनच इतकं काही होतंय की पाकिटाची गरज का पडते तेच कळत नाही. हुलग्याचं म्हणजे कुळथाचं सार, मुगाचं कढण, अळणी (हाडांसकट मटण शिजवून गाळलेलं बिनतिखटाचं पाणी), पांढरा रस्सा, टोमॅटोचं सार, पेज, आंबील, माडगं... आणि या सगळ्यात एकच गोष्ट सांभाळायची असते, ती म्हणजे पाणी. कडधान्य शिजलेलं पाणी, हाडं उकळलेलं पाणी, तांदळाचं पाणी. चव त्यात उतरलेली असते आणि आपण तेच सिंकमध्ये ओतून मोकळे होतो. खाली जे जे सांगतोय त्याचा पाया हाच, पाणी टाकायचं नाही.

आधी थोडं आच आणि भांड्याबद्दल, कारण निम्मी गडबड तिथंच होते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं उघड्या पातेल्यात पाणी १०० नाही तर ९७-९८ अंशालाच उकळायला लागतं. फरक छोटा वाटतो पण हुलगे, हरभरे, हाडं असलं चिवट काही उघड्यावर शिजवायला घेतलं की जाणवतो, वेळ लागतो. कुकरमध्ये दाब असल्यामुळे तेच तापमान ११५-१२० पर्यंत जातं, म्हणून कडधान्याला कुकर आणि वेळ असेल तेव्हा मटणाला जाड बुडाचं पातेलं, असं मी तरी ठरवून टाकलंय. दुसरं म्हणजे कोकम, चिंच, टोमॅटो घातलेलं सार ॲल्युमिनियमच्या भांड्यात जास्त वेळ उकळत किंवा ठेवून द्यायचं नाही, आंबट धातूला खातं. पितळेला कल्हई असेल तर चालतं, नसेल तर सरळ स्टील घ्या.

हुलग्याचं सार (इथं मी जास्त वेळ घेणार आहे)

थंडीतली आपली खरी वस्तू हीच. शेजारच्या कन्नड घरांत हुरळी सारू होतं, आपल्यात हुलग्याचं सार किंवा कट, करण्याची पद्धत बरीचशी एकच, वाटण थोडं इकडचं तिकडं.

एक वाटी हुलगे घ्या, साधारण २०० ग्रॅम, एवढ्यात चार-पाच जणांचं होतं. ताटात पसरून निवडायचेच, पाकिटावर क्लीन केलेले लिहिलेलं असलं तरी निवडायचे, कारण हुलग्यात त्याच रंगाचे बारीक खडे असतात आणि ते दाताखाली आल्याशिवाय दिसत नाहीत. मग तीन-चार पाण्यानं धुवून रात्रभर भिजत घाला, कमीत कमी आठ तास. थंडीत भिजायला वेळ लागतो, म्हणून भिजवताना कोमट पाणी घेतलं तर बरं. सकाळी ते भिजवलेलं पाणी काढून टाका (हो, हे एक पाणी मात्र टाकायचं, त्यानं पोटात गॅस जरा कमी होतो) आणि ताजं पाणी घाला, एक वाटीला पाच ते सहा वाट्या. मीठ आत्ता नको. कुकरला सात-आठ शिट्ट्या, मग आच बारीक करून अजून दहा मिनिटं. प्रेशर आपोआप उतरू द्या.

झाकण उघडलं की वर जे गडद तपकिरी, किंचित दाटसर पाणी दिसतं तोच कट. तो गाळून घ्या. हुलगे चमच्यानं दाबून बघा, बोटात सहज चिरडले पाहिजेत. चिरडत नसतील तर अजून तीन शिट्ट्या द्या, अर्धवट शिजलेल्या हुलग्याचा कट पांचट लागतो, काही घाला मग, सुधारत नाही.

आता वाटण. दोन-तीन चमचे सुकं खोबरं किसून मंद आचेवर लालसर भाजा, त्यात सहा-सात लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, मूठभर कोथिंबीर देठांसकट, आणि शिजलेले हुलगे दोन मोठे चमचे. हे हुलगे वाटणात घातल्यामुळं साराला अंग येतं, कॉर्नफ्लोअर वगैरे काही लागत नाही. तिखटाला घरची कांदा-लसूण चटणी असेल तर एक चमचा, नसेल तर लाल मिरच्या. मिरचीत आपलं नशीब चांगलं आहे, जवळच संकेश्वर, तिथली मिरची लांब, बारीक आणि जहाल, आणि रंगाला ब्याडगी, जी तिखट कमी पण रंग भरपूर देते. दोन ब्याडगी आणि अर्धी संकेश्वरी असं घेतलं तर रंग पण येतो आणि नाकातून पाणी पण येत नाही. सर्दी झालेली असेल तर एक अख्खी संकेश्वरी घाला, नाकातून पाणी आलेलंच बरं.

स्टीलच्या पातेल्यात दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की हिंग, कढीपत्ता, तीन-चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या. लसूण बदामी होईपर्यंत थांबायचं, काळा झाला की कडू. मग वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता, कट ओता, तीन-चार कोकमं, मीठ, आणि सुपारीएवढा गुळाचा खडा. आठ-दहा मिनिटं उकळू द्या. कोकम लगेच मिळत नसेल असं आपल्या भागात होत नाही, खानापूरकडून, चोर्ला घाटाच्या पलीकडून, आंबोलीच्या बाजूनं येतंच राहतं, पण नसलंच तर चिंचेचा कोळ चालतंय. चव घेऊन बघा, आंबट पुढं येत असेल तर गूळ, सपक वाटत असेल तर मीठ आणि दोन मिनिटं अजून उकळी.

उरलेल्या हुलग्यांची उसळ. आणि हे सार दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं, त्यामुळे जरा जास्तच करा. जोंधळ्याची भाकरी कुस्करून, वरून सार, बाजूला कच्चा कांदा. नुसतं पेल्यात घेऊन प्यायला पण मस्त, फक्त त्यासाठी थोडं पाणी वाढवून पातळ करायचं.

मुगाचं कढण, आजारी माणसासाठी आणि कंटाळा आलेल्या माणसासाठी

हे पटकन. अर्धी वाटी हिरवे मूग कोरडेच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, धुवा, चार वाट्या पाणी घालून चार-पाच शिट्ट्या. भिजवायची गरज नाही. रवीनं घुसळून गाळा, हवं तर न गाळता तसंच. तुपात जिरं, किसलेलं आलं, चार मिरे कुटून, फोडणी वरून. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा, उकळत्यात पिळलं तर वास उडून जातो आणि क जीवनसत्त्व पण कमी होतं. एवढंच.

अळणी आणि त्यावरून पांढरा रस्सा

आता मटण. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात रांग असते, तिथं उभं राहून नुसतं अर्धा किलो द्या म्हटलं की मिळेल ते मिळतं. "दादा, अळणीला पाहिजे, नळी आणि मणका घाला, सीन्याचे दोन तुकडे पण" असं सांगितलं की देणारा बरोबर समजतो. अळणीला नुसतं मऊ मांस उपयोगाचं नाही, हाडं, कूर्चा, सांधे लागतात, कारण त्यात कोलॅजन असतं आणि ते मंद आचेवर बराच वेळ शिजलं की जिलेटिन होऊन पाण्यात उतरतं. ओठांना जो किंचित चिकटपणा लागतो तो त्याचाच. अळणी फ्रीजमध्ये ठेवल्यावर थरथरणारी जेली झाली तर समजायचं बरोबर जमलं.

अर्धा किलो हाडांसकट मटणाला असं करा:

१) मटण धुवून निथळा. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल, एक कांदा उभा चिरून, तो फक्त मऊ होऊ द्या, लाल नको. त्यात एक चमचा आलं-लसूण पेस्ट आणि मटण घालून पाच-सात मिनिटं परता, मटणाचं स्वतःचं पाणी सुटेपर्यंत. पुढं पांढरा रस्सा करायचा असेल तर हळद अजिबात नको. तांबडा करायचा असेल तर पाव चमचा घाला.

२) पातेल्यावर खोलगट ताट झाका आणि त्या ताटात पाणी ओता. ही आपल्या घरांतली जुनी पद्धत, आणि तिच्यात चांगलं डोकं आहे. आतली वाफ थंड ताटाला लागून परत खाली पडते म्हणून मटण कोरडं पडत नाही, आणि वरचं पाणी हळूहळू तापतं. ते गरम झालं की तेच मटणात ओतायचं आणि ताटात परत गार पाणी. म्हणजे शिजत असलेल्या मटणात कधीच गार पाणी पडत नाही, उकळी तुटत नाही.

३) असं करत करत एकूण सहा-सात वाट्या पाणी आत जाऊ द्या. पहिल्या उकळीला वर राखाडी फेस येतो, तो पळीनं काढा. फेस म्हणजे घट्ट झालेली प्रथिनं, अपायकारक काही नाही, पण राहिला तर पाणी गढूळ दिसतं. मग आच अशी ठेवा की मधूनच एखादा बुडबुडा वर येईल. खदखदा उकळलं की चरबी पाण्यात मिसळते आणि अळणी तेलकट गढूळ होते. सव्वा ते दीड तास धरा. बोकड जून असेल तर दोन तास.

४) मीठ शेवटी, तेसुद्धा थोडं. पाणी आटत जातं, त्यामुळे सुरुवातीला बरोबर वाटलेलं मीठ शेवटी खारट होतं. गाळून घ्या.

घाई असेल तर कुकर. सहा शिट्ट्या आणि मंद आचेवर वीस मिनिटं. चव नव्वद टक्के येते, स्वच्छपणा येत नाही, ते पटवून घ्यायचं.

ही गाळलेली अळणी तशीच पेल्यात, वर दोन मिरे कुटून, कोथिंबीर. लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना हीच आधी देतात, तिखट घालायच्या आधी काढून ठेवलेली.

पांढरा रस्सा करायचा तर चार वाट्या अळणी घ्या. आठ-दहा काजू, एक चमचा खसखस, एक चमचा पांढरे तीळ कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून गंधासारखं बारीक वाटा. जाडसर राहिलं तर रस्सा रवाळ लागतो, मिक्सर दोनदा फिरवा, आळस नको. अर्ध्या नारळाचं पहिलं दाट दूध वाटीभर काढून ठेवा. तुपात तमालपत्र, दोन लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा, दोन वेलदोडे, चार-पाच मिरे, एक हिरवी मिरची उभी चिरून. अळणी ओता, उकळी आली की वाटण घालून पाच-सात मिनिटं सतत ढवळत शिजवा. मग आच एकदम बारीक, नारळाचं दूध घाला, मीठ बघा, आणि कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की बंद. नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळी आणली की ते फुटतं, वर तेल आणि खाली पाणी असं होतं. लाल तिखट, हळद, गरम मसाला यातलं काहीही यात नको. कोल्हापूर जवळच असल्यामुळे आपल्याकडं तांबड्या-पांढऱ्याचं कौतुक तितकंच आहे, पण मला विचाराल तर थंडीत पांढराच, तांबडा जेवणात आणि पांढरा जेवणाच्या आधी नुसता पिऊन.

जवारी म्हणजे गावठी कोंबडीचं पण असंच होतं. ब्रॉयलरची अळणी होत नाही असं नाही, पण अर्ध्या-पाऊण तासात ती कोंबडी पार विरघळून जाते आणि पाण्यात म्हणावी तशी चव उतरत नाही. जवारीला एक तास तरी द्यावा लागतो, आणि मान, पाय, पंखाची टोकं टाकून न देता मागून घ्यायची, चव तिथंच असते.

पाया करणाऱ्यांसाठी दोन वाक्यं: चार पाय दुकानातच भाजून, खरवडून आणि तोडून घ्या, घरी पीठ आणि हळद चोळून धुवा, कुकरला पाऊण तास मंद आचेवर. गार झाल्यावर वर चरबीचा थर जमतो, तो चमच्यानं उचलून टाका. पाया प्यायला की हाडं जुळतात असं सगळेच म्हणतात, पण जिलेटिन पोटात गेल्यावर बाकी प्रथिनांसारखंच पचतं, त्यामुळे फ्रॅक्चरला डॉक्टरचं प्लास्टर पाहिजेच, पाया त्याच्या सोबतीला. यूरिक ॲसिड किंवा गाऊटचा त्रास असलेल्यांनी मटणाची अळणी, पाया जपूनच, आणि बीपीवाल्यांनी मिठावर लक्ष.

शाकाहारी घरात काय

बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, मग आपण का मागं राहायचं. जवारी टोमॅटो मिळाले तर अर्धा किलो, एक छोटं गाजर आणि रंगाला बीटाचा बोटभर तुकडा, वाटीभर पाण्यात उकडून मिक्सरला फिरवून गाळा. गाळायचंच, टोमॅटोची साल आणि बिया घशात लागतात. तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता, एक सुकी मिरची, गाळलेला रस, दीड-दोन वाट्या पाणी, गूळ, मीठ. उकळलं की आच बारीक करून अर्धी वाटी नारळाचं दूध. जवारी टोमॅटो चांगलेच आंबट असतात, म्हणून गूळ हात राखून घालू नका.

रताळी पावसाळा संपला की आपल्या बाजारात ढिगानं येतात आणि आपण ती उपवासाला उकडून संपवतो. त्यांचं सूप फार सोपं आहे. दोन मध्यम रताळी आणि तेवढाच लाल भोपळा, अर्धा कांदा, तीन लसूण पाकळ्या तुपावर परतून तीन वाट्या पाण्यात शिजवा, वाटा, मिरपूड, मीठ, आणि गोडपणा मोडायला लिंबू. हे गोडसर असतं, मुलांना आवडतं, मोठ्यांनी वरून चमचाभर शेंगदाण्याची चटणी घालावी, एकदम बदलून जातं.

भाज्यांचं नुसतं पाणी करून ठेवायचं असेल तर फ्लॉवरचे देठ, गाजराची टोकं, मटारच्या साली, कोथिंबिरीचे देठ, कांद्याचा एक तुकडा, गार पाण्यात घालून अर्धा-पाऊण तास मंद आचेवर आणि गाळा. त्याहून जास्त उकळलं की वास जड होतो. कोबी कमी, मेथी आणि कारल्याचं काही नको, कडू होतं. डाळ, सांबार, खिचडी, कशातही पाण्याऐवजी हे घाला.

पेज, आंबील, माडगं

खानापूरकडच्या घरांत पावसात आणि थंडीत सकाळी पेज असतेच. अर्धी वाटी तांदळाच्या कण्या, सहा वाट्या पाणी, अर्धा तास मंद आच, मध्ये मध्ये तळाशी पळी फिरवायची, मीठ, तूप. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातल्या आपल्या बेळगाव बासमतीच्या कण्या मिळाल्या तर शिजतानाच घरभर वास. सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेला पापड, बाकी काही लागत नाही.

आंबीलीला चार चमचे नाचणीचं पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा. थंडीत आंबायला वेळ लागतो, म्हणून चुलीच्या किंवा गॅसच्या जवळ ठेवा. सकाळी तीन वाट्या पाणी उकळून त्यात हे पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं, थांबलात की गाठी. सात-आठ मिनिटांत चकाकी येते. खाली उतरवून कोमट झाल्यावरच ताक घाला, कडकडीत असताना घातलं तर ताक फाटतं. ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. उन्हाळ्यात हीच गार पितात, थंडीत कोमट. जोंधळ्याच्या पिठाची पण होते, ती थोडी जास्त दाट होते म्हणून पाणी अर्धी वाटी वाढवा.

गोडातलं म्हणजे हुलग्याचं माडगं. हुलगे खमंग भाजून दळून आणलेलं पीठ डब्यात असलं की दहा मिनिटांचं काम. तीन चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवा, दोन वाट्या पाण्यात गूळ विरघळवून उकळी आणा, पीठ ओता, ढवळा, सुंठ, वेलची, भाजलेले तीळ. गॅस बंद करून थोडं निवल्यावर दूध. उकळत्या गुळात दूध घातलं तर फाटायची शक्यता असते. रात्री झोपताना घ्या, पोट भरतं.

बिघडलं तर, आणि ठेवायचं कसं

खारट झालं तर बटाटा टाका म्हणतात, बटाटा थोडं खारं पाणी पितो एवढंच, साराचा खारटपणा तसाच राहतो. पाणी किंवा बिनमिठाचा कट, नारळाचं दूध वाढवणं हाच उपाय. तिखट झालं तर नारळ किंवा गूळ. पातळ झालं तर झाकण काढून आटवा, नाहीतर शिळ्या भाकरीचा तुकडा मिक्सरला लावून घाला, कुणाला कळत नाही.

अळणी आणि सार दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, बाहेर थंडी आहे म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मधलं गार व्हायला तास जातात, म्हणून पसरट डब्यांत वाटून ठेवा. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, आणि परत घेताना नुसतं कोमट न करता चांगली उकळी आणून. नारळाचं दूध घातलेलं त्याच दिवशी संपवा, किंवा दूध घालायच्या आधीचं काढून ठेवा आणि घालायचं ते आयत्या वेळी. अळणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पिशवीत भरली तर दोन महिने टिकते, आमटीत, पुलावात दोन-चार तुकडे टाकायला बरं पडतं.

सकाळी लवकर कामावर जाणाऱ्यांनी थर्मास आधी उकळत्या पाण्यानं भरून पाच मिनिटं ठेवायचा, मग ते पाणी ओतून कढण किंवा सार भरायचं, म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत गरम राहतं. कोथिंबीर आणि लिंबू वेगळ्या छोट्या डबीत न्या, आत घालून नेलं तर कोथिंबीर काळी पडते.